घरीं दुसरें कुत्रें आणण्यापूर्वीं



कुत्र्यांचेंहि एक पंचांग असतें. भाद्रपदांत रस्त्यावरचीं कुत्रीं माजावर येतात. तेथून गर्भवासाचे ६३ दिवस मोजले म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाचा सुमार येतो, आणि थंडी पडूं लागली कीं जिन्याखालीं, बंद दुकानाच्या पायरीआड, उभ्या करून ठेवलेल्या मोटारींच्या पोटाखालीं पिलांचे ढीग दिसूं लागतात. दोन आठवड्यांनीं त्यांचे डोळे उघडतात, महिन्याभरांत तीं अडखळत धांवूं लागतात, आणि पौष उजाडेपर्यंत शाळेंतून परतणाऱ्या मुलांच्या पायांत घोटाळूं लागतात. पशुवैद्याच्या व्यवसायांत याच सुमारास एक प्रश्न दरवर्षीं ठरल्याप्रमाणें ऐकूं येतो. "गेल्या पावसाळ्यांत आम्हीं आश्रयगृहांतून एक मोठें कुत्रें दत्तक आणलें. फार गरीब आहे. आतां मुलांनीं खालचें एक पिलूं उचलून वर आणलें आहे. दोघांना एकमेकांची सोबत होईल. ठेवून घ्यावें काय?"

या प्रश्नाला हसण्यावारी नेणारे लोक आहेत. त्यांच्यासाठीं एक आंकडा सांगतों. पश्चिम बंगालमध्यें अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनीं ३६४ पिलांवर जन्मापासून नजर ठेवली आणि २०१६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकीं सात महिन्यांपर्यंत जगलीं तीं शेंकडा १९. म्हणजे पांचांतलें जेमतेम एक. आणि जीं मेलीं त्यांच्यापैकीं शेंकडा ६३ पिलांच्या मृत्यूला या ना त्या प्रकारें माणूस कारण होता. तेव्हां जिन्याखालच्या पिलाला 'नाहीं' म्हणणें फुकट पडत नाहीं, हें आरंभींच कबूल केलें पाहिजे. आणि तरीहि बहुतेक घरांना माझें उत्तर 'इतक्यांत नको' असें असतें. तें कां, हें आज सांगावयाचें आहे.

पिलूं ठेवून घेण्याचीं जीं कारणें असतात त्यांत दया हें एक खरें कारण आहे. मुलांचा हट्ट हें दुसरें, तेंहि खरेंच. परंतु हीं दोन्ही कारणें उघड सांगावयास मोठ्या माणसांना संकोच वाटतो, म्हणून तीं तिसरें पुढें करतात : 'थोरल्याला सोबत होईल.' म्हणजे पिलूं आणावयाचें तें आपल्यासाठीं नव्हे, पिलासाठींहि नव्हे, तर थोरल्यासाठीं! ज्याच्या नांवावर हा सारा व्यवहार व्हावयाचा, त्याला तो हवा आहे कीं नाहीं, एवढें तरी आपण तपासून पाहूं.

आश्रयगृहांतून घरीं आलेला कुत्रा पहिले कांहीं दिवस फार शहाणा वाटतो. तो भुंकत नाहीं, कांहीं कुरतडत नाहीं, दाखविलेल्या कोपऱ्यांत बसून राहतो. घरचीं माणसें कौतुकानें म्हणतात, किती समजूतदार आहे! आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण तो नियम माणसांचा. माणूस नवेपणानें खुलतो, कुत्रा नवेपणानें मिटतो. त्याचा तो शहाणपणा बहुधा भीतीचा असतो. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत मायकेल हेनेसी आणि त्यांचे सहकारी यांनीं आश्रयगृहांत नव्यानें दाखल झालेल्या कुत्र्यांच्या रक्तांतील कॉर्टिसोल मोजलें. भयाच्या आणि ताणाच्या प्रसंगीं शरीरांत वाढणारें हें द्रव्य आहे. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणें पहिल्या तीन दिवसांत त्याचें प्रमाण बरेंच चढलेलें असतें आणि पुढें तें हळूहळू उतरतें. आतां आपल्या कुत्र्याचा विचार करा. रस्ता सुटला तेव्हां तो एकदां उखडला गेला. आश्रयगृहाची कोठडी अंगवळणी पडते न पडते तोंच मोटारींत घालून त्याला तुमच्या तिसऱ्या मजल्यावर आणलें. हें दुसरें उखडणें. तुमच्या दृष्टीनें तो घरीं आला. त्याच्या दृष्टीनें त्याचें होतें तें ठिकाण पुन्हां गेलें.

आश्रयगृहें चालविणाऱ्या मंडळींत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा प्रचलित आहे. तीन दिवसांत धाप बसते, तीन आठवड्यांत घरची रीत समजते, तीन महिन्यांत घर आपलें वाटूं लागतें. हा कांहीं शास्त्राचा सिद्धांत नव्हे. माझ्यापुरतें विचाराल तर रस्त्यावर मोठ्या झालेल्या कुत्र्याच्या बाबतींत यांतला शेवटचा आंकडा मी दुप्पट धरतों.

भीति वरून दिसत नाहीं, आणि गेली असें वाटल्यावरहि ती आंत दबा धरून राहते. याचें एक विलक्षण उदाहरण रशियांत घडलें. इव्हान पाव्हलव्ह या शरीरशास्त्रज्ञाच्या कुत्र्यांविषयीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. ठराविक संकेत मिळतांच ज्यांच्या तोंडाला पाणी सुटत असे तीं हीं कुत्रीं. सप्टेंबर १९२४ मध्यें लेनिनग्राड शहरांत मोठा पूर आला. कुत्र्यांच्या कोठड्यांत पाणी शिरलें आणि पाण्यांतून पोहवत त्यांना प्रयोगशाळेच्या मुख्य इमारतींत न्यावें लागलें. जीव वांचले. दिसावयास कुत्रीं पूर्वींसारखींच होतीं. परंतु त्यांच्यापैकीं कांहींचें शिकविलेलें सारें पुसून गेलें होतें. एका कुत्र्याची हकीकत पाव्हलव्हनें आपल्या व्याख्यानांत तपशिलानें दिली आहे. नेहमींच्या संकेतांनीं त्याला लाळ सुटेना. एवढेंच नव्हे, तर पुढें केलेल्या अन्नाकडे तो पाठ फिरवूं लागला. एरव्हीं प्रयोग करणारा मनुष्य भिंतीपलीकडे बसत असे. आतां तो कुत्र्याच्या खोलींत येऊन नुसता बसूं लागला, आणि त्याच्या सहवासानें हरपलेलें परत येऊं लागलें. पुढें तर त्या मनुष्याचे कपडे कुत्र्याच्या नजरेआड खोलींत ठेवले तरी गुण येई. वास पुरत असे! सर्व स्थिरस्थावर झाल्यावर एके दिवशीं दाराखालून पाण्याचा एक बारीक ओघळ मुद्दाम आंत सोडला, तोंच सारें पुन्हां विस्कटलें.

त्या ओघळाइतकेंच त्या कपड्यांकडेहि आपण लक्ष द्यावें. भ्यालेल्या कुत्र्याला तेथें सांवरलें तें ओळखीच्या माणसाच्या वासानें. त्याच्या जागीं ओळखीचा दुसरा कुत्रा आणून बसविला असता तर? या प्रश्नाचें उत्तर देणारा एक प्रयोग ट्यूबर, हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केला. पिलें होतीं तेव्हांपासून जोडीजोडीनें एकाच कोठडींत वाढलेलीं मोठीं कुत्रीं त्यांनीं घेतलीं. जोडीदाराला चार तास बाहेर नेलें आणि कुत्र्याला त्याच्या नेहमींच्या कोठडींत एकटें ठेवलें. कॉर्टिसोलमध्यें फरक पडला नाहीं. मग कुत्र्याला अनोळखी जागीं नेलें. एकटा होता तेव्हां तें चढलें. जन्माचा जोडीदार बरोबर होता तेव्हांहि चढलें. मात्र रोज दाणापाणी करणारा माणूस जवळ बसला होता तेव्हां तें चढलें नाहीं.

मला तर या एका प्रयोगानें 'सोबत होईल' या युक्तिवादाचा पायाच खचल्यासारखा वाटतो. परक्या ठिकाणीं जन्माचा जोडीदार जें देऊं शकला नाहीं, तें काल जिन्याखालून उचललेलें पिलूं कसें देणार? थोरल्याला सोबत हवी असते, पण ती तुमची. आणि पिलूं नेमकी तीच घेऊन जातें.

कसें, तें पाहा. दोन महिन्यांच्या पिलाला दर दोन-तीन तासांनीं बाहेर न्यावें लागतें, रात्रींसुद्धां. तें दिवसाचे बरेच तास झोंपतें हें खरें, पण त्याची झोंप आणि तुमची झोंप यांचा मेळ बसत नाहीं. त्याला २८ दुधाचे दांत असतात, सुईसारखे, आणि चौथ्या महिन्यापासून ते पडून त्यांच्या जागीं पक्के दांत येऊं लागले म्हणजे हिरड्या शिवशिवतात व घरांतली एकहि चप्पल सुरक्षित राहत नाहीं. त्याला दिवसांतून चार वेळां भरवावयाचें, लस टोंचून आणावयाची, जंताचें औषध द्यावयाचें, आणि याच कोंवळ्या आठवड्यांत त्याला जगाची ओळखहि करून द्यावयाची. अमेरिकेंतील बार हार्बर येथें स्कॉट आणि फुलर यांनीं वर्षानुवर्षें केलेल्या कामावरून, जें १९६५ सालीं ग्रंथरूपानें आलें, हें ठरून गेलें आहे कीं, तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत पिलूं माणसांशीं आणि इतर प्राण्यांशीं जें नातें जोडतें तें पुढें जन्मभर पुरतें. म्हणजे पिलाला थांबवूनहि ठेवतां येत नाहीं. त्याची वेळ आजची आहे. आणि थोरल्याचीहि वेळ आजचीच. घरांत या कामाला हात मात्र बहुधा एकाच माणसाचे असतात. बाकीचे कौतुकाचे धनी. संध्याकाळीं थोरल्याला जें निवांत तासभर फिरवून आणीत असत तें फिरणें अर्ध्या तासावर येतें, मग इमारतीला एक फेरी, आणि अखेरीस 'आज राहूं दे.' कोणी ठरवून करीत नाहीं. तें आपोआप होतें.

दत्ताच्या तसबिरींत चार कुत्रीं पायाशीं बसलेलीं असतात. किती शांत! त्यांच्यापुढें एकच ताटली ठेवून पाहावी असें मला नेहमीं वाटतें. ज्या जनावरानें उकिरड्यावर पोट भरलें त्याला अन्न वांटून खाण्याची संवय कोठून असणार? आणि पिलूं तर वांटणी म्हणजे काय हें जाणतच नाहीं. तें थोरल्याच्या ताटलींत तोंड घालतें, कान ओढतें, झोंपेंत असतांना अंगावर उडी घेतें. थोरला प्रथम मान वळवितो. मग ओठ चाटतो, जांभई देतो, उठून दुसरीकडे जातो. हीं सगळीं त्याचीं विनंतीचीं वाक्यें आहेत. तीं कोणी ऐकलीं नाहींत म्हणजे तो गुरगुरतो. आणि या ठिकाणीं घरांतलें मोठें माणूस नेमकी नको ती गोष्ट करतें : थोरल्याला दरडावतें, एखादी चापटीहि देतें. 'लहान आहे ना तो!' गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा शहाणा होत नाहीं. तो गुरगुरणें सोडतो. पुढच्या खेपेस तो सूचना न देतां चावतो, आणि मग त्याच्यावर 'अचानक उलटला' असा शिक्का बसून त्याची पाठवणी पुन्हां आश्रयगृहांत होते. मोठें आणि 'चावलेलें' म्हणून परत आलेलें कुत्रें दुसऱ्यांदा कोण नेतो? पिलाला घर मिळावें म्हणून ज्याचें घर मोडलें जाऊं शकतें, तो हा थोरला.

रोगांचें मी थोडक्यांत सांगतों. संसर्ग दोन्ही बाजूंनीं चालतो. थोरल्याच्या अंगावर गोचिडी, रक्तांत गोचीडताप, पोटांत जंत असूं शकतात. पिलूं पार्व्हो किंवा डिस्टेंपर घेऊन येऊं शकतें. पार्व्हो हा १९७८ सालीं जगभर पसरलेला विषाणु; रक्ताचा अतिसार होऊन पिलें दोन-तीन दिवसांत जातात, आणि हा विषाणु फरशीच्या सांदींत महिनेन् महिने टिकतो. पिलांच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्यानें चालतात. थोरल्याच्या लसींचा कागद तुमच्या हातीं नसेल, तर पिलाला घरांत घेण्याचा विचारसुद्धां त्याच्या आधीं करूं नये.

पुण्यांत माझ्या परिचयाचें एक कुटुंब आहे. नवरा-बायको दोघें नोकरी करणारीं, घरांत सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. त्यांनीं श्रावणांत एक कुत्री आणली. तिचें नांव चंद्री. वय चारेक वर्षांचें असावें. पहिले तीन आठवडे दिवे मालवल्यावांचून ती जेवीत नसे. पुढें ती सासूबाईंच्या पलंगाखालीं झोंपूं लागली. सकाळीं त्या जप करीत तेव्हां त्यांच्या पातळाच्या कांठावर नाक टेकून पडून राही. घरांतल्या कोणाच्याहि देखत ती खाऊं लागली तो दिवाळीचा सुमार होता. मार्गशीर्षांत मुलानें पिलूं वर आणलें. चंद्रीनें तें हुंगलें, चाटलें, आणि पलंगाखालची आपली जागा त्याला दिली. घरांत आनंदीआनंद झाला, छायाचित्रें काढलीं गेलीं. तिसऱ्या दिवशीं पिलूं पलंगाखालीं होतें आणि चंद्री गॅलरींत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या खालीं. पांचव्या दिवशीं तिनें दिव्याच्या उजेडांत खाणें सोडलें. थंडीनें असेल, पोट बिघडलें असेल, असे तर्क चालले होते. सासूबाई म्हणाल्या, "तिनें जागा दिली नाहीं रे, सोडली."

या एका वाक्यांत जें आलें आहे तें सांगावयास मला वरचे प्रयोग सांगावे लागले. दुर्बळ प्राणी भांडत नाहीं. तो बाजूला होतो, आणि आपण त्याला मनाचा मोठेपणा म्हणतों. पिलूं तळमजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षकांनीं ठेवून घेतलें. त्यांच्या घरीं दुसरें जनावर नव्हतें आणि वेळ भरपूर होता. चंद्रीला पलंगाखालीं परत यावयास तरीहि महिना लागला. आज तीं दोघें खालच्या अंगणांत एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोंपतात आणि संध्याकाळीं आपआपल्या घरीं जातात.

मग दुसरें कुत्रें कधींच आणूं नये काय? असें मी म्हणत नाहीं. थोरला तयार झाला हें ओळखण्याच्या खुणा आहेत, आणि त्या सर्व तो एकटा असतांनाच्या आहेत. तो खोलीच्या मध्यभागीं कुशीवर पडून, पोट उघडें टाकून झोंपतो, कोपऱ्यांत अंग चोरून नव्हे. दाराची घंटा वाजली तर मान उचलून पाहतो आणि पुन्हां टेकतो. तुम्ही तासाभरासाठीं बाहेर गेलां तर तो दाराशीं ओरखडे काढीत बसत नाहीं. हांक मारली तर रस्त्यावरहि वळून बघतो. दुसऱ्या कुत्र्याच्या शेजारून दोरी सैल ठेवून जाऊं शकतो. इतर कुत्र्यांशीं तो खेळतो कीं नाहीं, हें लोक प्रथम पाहतात. मी तें शेवटीं पाहतों. अंगणांत खेळणें वेगळें आणि आपली ताटली, आपली गादी, आपला माणूस यांत वांटेकरी घेणें वेगळें.

एक अपवाद मात्र मोकळ्या मनानें मान्य केला पाहिजे. कांहीं कुत्रीं जन्मापासून कुत्र्यांच्याच टोळींत वाढलेलीं असतात. त्यांना माणसाची भीति असते, कुत्र्यांची नव्हे. असा कुत्रा माणसाळलेल्या दुसऱ्या कुत्र्याच्या मागोमाग जातांना धीट होतो, त्याचें पाहून हातांतला घांस घेऊं लागतो. हें मीं पाहिलेलें आहे. परंतु त्याला वाट दाखविणारा तो दुसरा कुत्रा वयानें मोठा, स्थिर आणि माणसांत रुळलेला असावा लागतो. पिलूं स्वतःच आंधळी कोशिंबीर खेळत असतें, तें कोणाला वाट दाखविणार? म्हणून दुसरें आणावयाचेंच ठरलें, तर तें पिलूं नसावें, दोन-तीन वर्षांचें शांत कुत्रें असावें, आणि शक्य तर नर असेल तेथें मादी व मादी असेल तेथें नर असावा. अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुरुग्णालयांत एकाच घरांतल्या कुत्र्यांच्या भांडणाचीं ३८ प्रकरणें तपासलीं गेलीं. २०११ सालीं तीं प्रसिद्ध झालीं. त्यांतल्या शेंकडा ७९ जोड्या समान लिंगाच्या होत्या. हीं अर्थातच भांडण विकोपास गेलेलीं घरें. सुखानें नांदणारे दोन नर रुग्णालयांत कशाला येतील? तरीहि निवड आपल्या हातीं असेल तर हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

कांहीं श्रोत्यांच्या घरीं पिलूं आधींच येऊन बसलें असेल. त्यांनीं घाबरूं नये. दोघांना वेगळ्या खोल्या द्या. मध्यें लहान मुलांसाठीं लावतात तसलें जाळीचें दार लावलें तर दिसणें आणि हुंगणें होतें, अंगचटीस येणें होत नाहीं. पिलाच्या लसी पुऱ्या झाल्यावर पहिली खरी भेट घराबाहेर, दोघांनाहि परक्या असलेल्या जागीं घडवा, आणि समोरासमोर नव्हे, एका दिशेनें बरोबर चालवीत. ताटल्या वेगळ्या, खोल्या वेगळ्या, दार बंद. तुम्ही घरीं नसाल तेव्हां दोघांना एकत्र सोडूं नका. थोरल्याला दिवसांतून एक वेळ अशी हवी कीं जींत पिलाचा वाससुद्धां नाहीं, फक्त तुम्ही आणि तो. आणि पिलूं त्याच्या अंगावर गेलें तर उचलून बाजूला नेण्याचें काम तुमचें. तें त्याच्यावर सोंपवूं नका.

आणखी एक इशारा. पहिल्या दोन महिन्यांच्या सलोख्यावर फार विसंबूं नका. मोठे कुत्रे पुष्कळदां लहान पिलाला बालपणाची सवलत देतात. चार-पांच महिन्यांनंतर ती काढून घेतात. सहाव्या महिन्याच्या पुढें पिलूं वयांत येऊं लागतें, मादी माजावर येते, नर पाय वर करूं लागतो, आणि कालपर्यंत खपवून घेतलेली आगळीक आज खपत नाहीं. दोघांचीं निर्बीजीकरणें वेळेवर करून घेतल्यानें पुष्कळ कटकटी टळतात, सर्वच टळतील असें नाहीं. 'सहा महिने अगदीं भावंडांसारखीं होतीं हो' हें वाक्य माझ्या दवाखान्यांत नेहमीं त्याच सुमारास ऐकूं येतें.

राहिलें जिन्याखालचें पिलूं, ज्याला आपण वर आणलें नाहीं. त्याच्यासाठीं घर देणें एवढाच मार्ग नसतो. त्याची आई जवळपास असेल तर तिला पोटभर खावयास घाला. पिलांचें उत्तम अन्न तिच्या अंगीं तयार होतें, आणि आपण ठेवलेल्या गाईच्या दुधानें व बिस्किटांनीं त्यांना बहुतेक ढाळच लागतात. एक गोणपाट, थोडा आडोसा आणि वरून पाणी गळणार नाहीं अशी जागा एवढ्यानें थंडीचे दिवस निभावतात. मोटार सुरू करण्यापूर्वीं खालीं वांकून पाहण्याची संवय इमारतींतल्या सर्वांना लावा. माणसामुळें होणाऱ्या मृत्यूंतला एक तरी प्रकार त्यानें थांबेल. पिलांना घरें शोधण्याचें काम आठव्या आठवड्याच्या सुमारास करावें, त्याच्या फार आधीं त्यांना आईपासून आणि भावंडांपासून तोडूं नये; किती जोरानें चावावें आणि कोठें थांबावें हें तीं तेथेंच शिकतात. पिलें दूध सोडून वेगळीं झालीं कीं आईचें निर्बीजीकरण आणि लस यांच्यासाठीं आपल्या नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे अर्ज करा. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालीं २०२३ सालीं जे प्राणी जन्मनियंत्रण नियम झाले, त्यांत रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयींचें हें काम स्थानिक संस्थांकडे दिलेलें आहे. एवढें एक काम पुरें झालें तर पुढच्या भाद्रपदानंतर त्या जिन्याखालीं तरी नवा ढीग दिसणार नाहीं.

मुलांना पिलाला भेटावयास जरूर जाऊं द्या. रोज जाऊं द्या. फक्त लसी पुऱ्या होईपर्यंत थोरल्याला बरोबर नेऊं नका, आणि परत येतांना मुलांच्या चपला दाराबाहेर ठेवून, हातपाय धुऊन मग त्यांना घरांत घ्या. तीं आंत आलीं म्हणजे थोरला त्यांचे हात बराच वेळ हुंगत राहील. त्याला हुंगूं द्या.